ग्राफ थिअरी वापरून ऑनलाइन फसवणूक कशी पकडतात?

मेधाविनी

ऑनलाइन फसवणुकीवरच्या चर्चा बहुतेक वेळा "आपण सावध कसे राहावे" या अंगाने जातात. मला दुसऱ्या बाजूबद्दल लिहायचे आहे. ज्यांच्या हाताखालून लाखो खात्यांचे व्यवहार जातात, ते लोक त्यातली टोळी शोधतात कशी? मी याच क्षेत्रात काम करते, विषय मनापासून आवडतो, म्हणून जरा ऐसपैस लिहिते.

एकेक खाते सुटे तपासणे ही जुनी पद्धत. रक्कम मोठी आहे का, व्यवहार अवेळी झाला का, खाते कालच उघडले का, असे नियम लावायचे आणि संशयाचे गुण द्यायचे. पण हे नियम फसवणाऱ्यालाही लवकरच कळतात. रक्कम मर्यादेच्या जरा खाली ठेवली, खाते काही आठवडे मुरू दिले, माहिती व्यवस्थित भरली, की ते खाते चारचौघांसारखेच दिसते.

मग तो सापडतो कुठे? खर्चात. कमाई करायची तर त्याला शेकडो खाती लागतात, आणि शेकडो खात्यांसाठी शेकडो फोन, शेकडो कार्डे, शेकडो पत्ते आणणे परवडत नाही. तेच सामान तो फिरवून फिरवून वापरतो. नाव बदलणे फुकट आहे, फोन बदलणे फुकट नाही. हा पुनर्वापर म्हणजेच दोन खात्यांमधला दुवा.

गणितज्ञ ऑयलरने १७३६ मध्ये कोनिग्जबर्गच्या सात पुलांचे कोडे (प्रत्येक पूल एकदाच ओलांडून फिरता येईल का?) सोडवले तेव्हा बेटांचा आकार, पुलांची लांबी हे सगळे बाजूला सारले आणि काय कशाला जोडलेले आहे एवढेच ठेवले. आम्हीही तेच करतो. खाते, फोन, कार्ड, पत्ता, बँक खाते हे सगळे नोड, म्हणजे चित्रातली टिंबे. "या खात्याने हे कार्ड वापरले" हा दुवा, म्हणजे रेषा. अशा टिंबे-रेषांच्या चित्रालाच ग्राफ म्हणतात.

कागदावर काढून बघा. क आणि ख ही खाती एकाच फोनवरून उघडली. ख आणि ग यांचे कार्ड एकच. ग आणि घ यांचा परतावा एकाच बँक खात्यात जातो. क आणि घ मध्ये समान काहीही नाही. नाव वेगळे, फोन वेगळा, कार्ड वेगळे. तक्त्यात दोन्ही ओळी शेजारी ठेवल्या तरी कुणाला शंका येणार नाही. टिंबे काढून रेषा जोडल्या की साखळी लगेच दिसते. उद्या घ बद्दल तक्रार आली तर आपण तीन पावलांत क पाशी पोचतो, आणि क ने अजून काहीच वावगे केलेले नसते. बरेचदा तो पुढच्या खेपेसाठी राखून ठेवलेला असतो. तक्रार येण्याआधी तिथे पोचता येणे ही या पद्धतीची खरी ताकद.

प्रश्न विचारा, जमेल तसे उत्तर देते.

उत्तरायण

छान सुरुवात. गणिताच्या बाजूने थोडी भर घालतो. तुम्ही सांगितलेली साखळी म्हणजे ग्राफचा "जोडलेला घटक". एका घटकातल्या कुठल्याही नोडवरून दुसऱ्या कुठल्याही नोडपर्यंत वाट असते. हे घटक शोधायला युनियन-फाइंड नावाची फार देखणी रीत आहे. सुरुवातीला प्रत्येक नोड स्वतःचा स्वतंत्र गट. दुवा आला की दोन्ही टोकांचे गट एकत्र करायचे. गॅलर आणि फिशर यांनी ती १९६४ मध्ये मांडली. ती जवळजवळ एकरेषीय वेळात चालते, हे टार्जनने १९७५ मध्ये सिद्ध केले. म्हणजे दुवे दुप्पट झाले तर वेळही साधारण दुप्पटच लागतो. कोट्यवधी दुव्यांवर हे चालू शकते ते त्यामुळे.

कोडेवाला

@मेधाविनी, आम्ही कामावर हेच करून पाहिले. फोन आणि कार्डापुरते ठीक चालले. मग आयपी पत्ताही (इंटरनेट जोडणीचा क्रमांक) दुवा धरला आणि सगळे विस्कटले. जवळपास सगळी खाती एकाच अवाढव्य घटकात जाऊन बसली. त्याला टोळी म्हणायचे तर सगळे जगच टोळी. यावर काय करता?

मेधाविनी

@कोडेवाला, या क्षेत्रात येणारा प्रत्येक जण या वळणावर येतोच. मोबाइल कंपन्या हजारो ग्राहकांना एकाच सार्वजनिक आयपीमागे ठेवतात. वसतिगृह, ग्रंथालय, मोठे कार्यालय यांचेही तसेच. अशा एका नोडमुळे एकमेकांना न ओळखणारे हजारो लोक चिकटतात.

पहिली गोष्ट, सगळे दुवे सारखे मानू नका. एखादे कार्ड दोनच खात्यांनी वापरले असेल तर तो दुवा फार बोलका. एखादा आयपी वीस हजार खात्यांनी वापरला असेल तर तो दुवा जवळपास मुका. म्हणून दुव्याचे वजन सामायिक गोष्टीच्या डिग्रीवरून ठरवा, म्हणजे ती जितक्या जास्त खात्यांशी जोडलेली तितके वजन कमी. एका मर्यादेपलीकडचे नोड घटक शोधताना वगळले तरी चालतात.

दुसरी गोष्ट साठवणुकीची. "खाते ते खाते" असे थेट दुवे बनवू नका. एक आयपी २,००० खात्यांनी वापरला तर त्यांच्या जोड्या होतात १९,९९,०००. खाते एका बाजूला आणि आयपी दुसऱ्या बाजूला असा द्विभागी ग्राफ ठेवला तर तीच माहिती २,००० दुव्यांत मावते. शिवाय दुवा कशामुळे आहे तेही हरवत नाही. पुढे कुणी विचारले "यांना जोडलेत कशावरून", तर उत्तर तयार असते.

रानवाटा

मी तांत्रिक माणूस नाही, पण या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही. एका विक्री संकेतस्थळाने माझे खाते अचानक गोठवले. कारण विचारले तर "आपले खाते संशयास्पद खात्यांशी संबंधित आढळले" एवढेच छापील उत्तर. मी वापरलेला फोन घेतला होता. आधीच्या मालकाने त्या फोनवरून काय केले हे मला कसे ठाऊक असणार? बऱ्याच पत्रव्यवहारानंतर खाते सुरू झाले, पण तोवर माझे पैसे अडकून होते. तुमच्या चित्रातला क हा मीच होतो. त्याने काही वावगे केले नव्हते, कारण तो काही करणारच नव्हता. दुव्यावरून माणसाला दोषी धरणे मला पटत नाही.

जमाखर्च

रानवाटांशी सहमत. बँकेत लेखापरीक्षणात आयुष्य गेले. तिथे शिकलेली गोष्ट अशी की संबंध दिसला म्हणजे चौकशी सुरू होते, ती संपत नाही.

उत्तरायण

रानवाटांचा मुद्दा आकड्यांतही दिसतो. समजा एक लाख खात्यांत १०० खाती फसवणुकीची आहेत. आपली पद्धत त्यातली ९९ टक्के पकडते आणि निर्दोष खात्यांपैकी फक्त १ टक्क्यावर चुकीचा इशारा देते. ऐकायला उत्तम. आता मोजा. खरी फसवी ९९ सापडली. निर्दोष ९९,९०० होती, त्यातली ९९९ सुद्धा यादीत आली. यादीतल्या दर अकरा जणांत दहा निर्दोष. फसवणूक मुळात विरळ असल्यामुळे असे होते, आणि पद्धत कितीही हुशार असली तरी हे गणित टळत नाही.

मेधाविनी

रानवाटा, तुम्हाला झालेला त्रास अगदी खरा आहे आणि तो तुमच्या वाट्याला यायला नको होता. वापरलेल्या फोनचा दुवा तपासताना वेळ बघायलाच हवी. जुन्या मालकाची खाती त्या फोनवर एका तारखेपर्यंत दिसतात, नंतर पूर्ण थांबतात आणि मग तुमचे एकच खाते सुरू होते. टोळीच्या फोनवर खाती एकमेकांत मिसळलेली दिसतात, सकाळी एक, दुपारी दुसरे, संध्याकाळी पुन्हा पहिले. दुव्यावर "कधीपासून कधीपर्यंत" हे लिहून ठेवले असते तर हे दोन प्रकार चटकन वेगळे झाले असते. ज्यांनी ते लिहून ठेवले नाही त्यांनी तुम्हाला अडकवले.

आणि एकाच दुव्यावर खाते गोठवणे मला चूकच वाटते. दुवा हा रांगेत पुढे आणण्यापुरता वापरावा. कारवाईला किमान दोन स्वतंत्र प्रकारचे पुरावे हवेत, उदाहरणार्थ सामायिक बँक खाते आणि वागण्यातली एकसारखी लय. शिवाय माणसाने डोळ्यांनी पाहिलेले हवे.

जमाखर्च

वेळेचा विषय निघाला म्हणून पैशांच्या प्रवासाबद्दल लिहितो. चोरीचा पैसा एका खात्यात राहत नाही. तो फोडून दहा-वीस भाड्याच्या खात्यांत जातो, तिथून पुढे सरकतो आणि शेवटी कुठेतरी पुन्हा एकत्र येतो. ही म्यूल खाती बरेचदा खऱ्या माणसांची असतात. थोड्या पैशांसाठी त्यांनी आपले खाते वापरायला दिलेले असते. म्हणजे कागदपत्रे खरी, माणूस खरा, पत्ता खरा. सुटे खाते तपासून काय सापडणार?

चित्रात मात्र आकार दिसतो. एका नोडमधून बाण फाकतात आणि दोन-तीन टप्प्यांनंतर एका नोडवर जुळतात. मधल्या खात्यांची खूण म्हणजे आलेली रक्कम थोड्याच वेळात जवळपास तेवढीच बाहेर जाते, शिल्लक कधी साठतच नाही.

फक्त बाणांची दिशा पुरत नाही, क्रमही लागतो. अ कडून ब ला पैसे दहा वाजता गेले आणि ब कडून ड ला साडेनऊला, तर चित्रात अ-ब-ड अशी वाट दिसते, पण अ चे पैसे ड पर्यंत त्या वाटेने गेलेले असू शकत नाहीत. नवी मुले हा क्रम विसरतात आणि नसलेल्या साखळ्या शोधतात.

कोडेवाला

पैसे फिरून मूळ खात्यातच आले तर? विक्री फुगवून दाखवायला विक्रेते स्वतःच्याच खोट्या ग्राहकांकडून खरेदी करवतात, तसे.

मेधाविनी

@कोडेवाला, ते दिशायुक्त, म्हणजे बाणांच्या, ग्राफमधले चक्र. सगळी चक्रे मोजायला जाऊ नका, त्यांची संख्या भयानक वेगाने वाढते. युक्ती अशी की नवा व्यवहार म ते न असा आला की फक्त एवढेच विचारायचे, न पासून म पर्यंत ठरावीक टप्प्यांत परत येणारी वाट आधीपासून आहे का? असेल तर हा व्यवहार चक्र पुरे करतो. अलीबाबा या चिनी ऑनलाइन बाजारपेठेच्या ग्राफवर व्यवहार होत असतानाच अशी चक्रे शोधण्याचे काम २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले आहे. लांबीला मर्यादा घातली म्हणूनच ते शक्य झाले.

उत्तरायण

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो, वस्तूंची खोटी परीक्षणे (रिव्ह्यू). इथे सामायिक फोन मिळेलच असे नाही, पण विकत घेतलेल्या परीक्षणांना एक आकार असतो. तीच खाती त्याच वस्तूंना परीक्षण देतात. खाती एका बाजूला, वस्तू दुसऱ्या बाजूला मांडल्या तर त्या जागी दुव्यांचा दाट ठिपका तयार होतो.

दाटपणा मोजायचा कसा? दुवे भागिले नोड. ५ खात्यांनी त्याच ४ वस्तूंना परीक्षण दिले तर २० दुवे, ९ नोड, म्हणजे २.२२. साध्या ग्राहकांच्या विरळ भागात हा आकडा कमी राहतो. सर्वात दाट भाग शोधायची सोपी रीत अशी की सर्वात कमी डिग्रीचा नोड काढून टाका, उरलेल्याचा दाटपणा लिहून ठेवा, पुन्हा तेच करा. शेवटी ज्या टप्प्यावर आकडा सर्वात मोठा होता तो भाग उचला. एवढ्या साध्या सोलण्यातून मिळणारे उत्तर सर्वोत्तम उत्तराच्या निम्म्याहून कमी कधीच नसते, हे चारिकरने २००० मध्ये दाखवले.

आता फसवणारा हुशार झाला. त्याने पाचही खात्यांकडून एका खूप लोकप्रिय वस्तूला परीक्षण देवविले. त्या वस्तूला आधीच १०० खऱ्या ग्राहकांची परीक्षणे आहेत. आता ठिपक्यात ती वस्तू धरली तर २५ दुवे, १० नोड, दाटपणा २.५. आकडा वाढला! म्हणजे बिचारी निर्दोष वस्तू जाळ्यात आली.

उपाय मेधाविनी यांनी आयपीसाठी सांगितला तोच. उदाहरणापुरते प्रत्येक दुव्याला "१ भागिले वस्तूची डिग्री" असे वजन देऊ. ठिपक्यातल्या वस्तूंची डिग्री ५, म्हणून प्रत्येक दुवा ०.२, एकूण ४, दाटपणा ४ भागिले ९ म्हणजे ०.४४. लोकप्रिय वस्तूची डिग्री १०५, तिचे पाच दुवे मिळून जेमतेम ०.०५. तिला आत घेतले तर दाटपणा ०.४० वर घसरतो. ती आपोआप बाहेर पडली.

२०१६ च्या फ्रॉडार या पद्धतीचा गाभा हाच, फक्त तिथे लॉगॅरिदमवर आधारलेले सौम्य वजन वापरले आहे. मला यातले सौंदर्य असे वाटते की वजन वस्तूच्या बाजूने ठरते, खात्याच्या बाजूने नाही. फसवणाऱ्याच्या हातात त्याची खाती आहेत, ती तो हवी तशी सजवू शकतो. पण त्याने इतरत्र कितीही सोज्वळ परीक्षणे दिली तरी त्या मूळ २० दुव्यांचे वजन रतीभरही कमी होत नाही.

रानवाटा

हा प्रतिसाद मी कागद-पेन घेऊन वाचला आणि समजला. धन्यवाद. म्हणजे इथे खात्याने पुष्कळ चांगली कामे केली म्हणून संशय धुऊन निघत नाही?

मेधाविनी

@रानवाटा, या ठिपक्यापुरते तरी नाही. चांगल्या कामांचा वापर कसा होतो याचे एक नमुनेदार उदाहरण आहे. ऑनलाइन लिलावात विक्रेत्याची पत ग्राहकांच्या शेऱ्यांवर ठरते. फसव्या खात्यांनी एकमेकांनाच चांगले शेरे दिले तर एक सापडला की सगळे सापडतात. म्हणून ते तसे करत नाहीत. ते साथीदार खाती ठेवतात. साथीदार खऱ्या लोकांशी खरे, चोख व्यवहार करतात, स्वतःची पत कमावतात आणि फसव्या खात्यांना शेरे देतात. फसवे खाते पकडून बंद झाले तरी साथीदार शाबूत राहतात, पुढच्या फसव्या खात्याला वर आणायला. कार्नेगी मेलनच्या संशोधकांनी २००७ मध्ये नेटप्रोब या पद्धतीत हे नेमके मांडले. प्रत्येक नोड तीनपैकी एक, फसवा, साथीदार किंवा प्रामाणिक. शेजारी कोण आहेत त्यावरून प्रत्येकाबद्दलचा अंदाज पुन्हा पुन्हा सुधारत न्यायचा. फसव्याला फसवे शेजारी फारसे नसतात, साथीदार असतात. "वाईटाच्या शेजारी वाईट" असे सरसकट धरणारी पद्धत इथे साफ फसते.

चिकित्सक_वाचक

हे सगळे वाचून उत्साह वाटतो, पण एक थंड पाणी. खोटी खाती ओळखण्याच्या जुन्या पद्धती, उदाहरणार्थ २००६ चा सिबिलगार्ड, एका गृहीतकावर उभ्या होत्या. खोटी खाती आपापसांत हवे तेवढे दुवे बनवतील, पण खऱ्या माणसांशी त्यांचे दुवे थोडेच असतील, कारण अनोळखी माणसाला मित्र कोण करणार? मग रेनरेन या चिनी सोशल नेटवर्कवर २०११ मध्ये अभ्यास झाला. तिथली खोटी खाती घट्ट गट करून बसलेलीच नव्हती. बहुतेकांचे दुवे थेट खऱ्या माणसांशी होते, कारण लोकांनी अनोळखी विनंत्या स्वीकारल्या होत्या. गृहीतक कागदावर उत्तम होते, माणसे तशी वागली नाहीत.

मेधाविनी

मान्य, आणि म्हणूनच मी सुरुवातीला खर्चाबद्दल लिहिले. मैत्रीचा दुवा फुकट मिळतो, त्यावर विसंबू नये. सामायिक उपकरण, पैसे बाहेर पडायचे बँक खाते, आणि वेळेची गर्दी यांतून सुटायला पैसा लागतो. फेसबुकच्या कॉपीकॅच या २०१३ च्या पद्धतीत मैत्री बघितलीच नाही. त्याच खात्यांनी त्याच पानांना त्याच थोड्या वेळात लाइक दिले का, एवढेच बघितले. फसवणाऱ्याने खाती वेगवेगळ्या वेळी चालवली तर तो सुटतो खरा, पण मग त्याचे काम मंदावते.

कोडेवाला

शेवटचा प्रश्न. आता सगळे ग्राफ न्यूरल नेटवर्कबद्दल (ग्राफवरून स्वतः शिकणारी यंत्रणा) बोलतात. थेट तिथूनच सुरुवात करावी का?

मेधाविनी

@कोडेवाला, माझे मत, नको. बिटकॉइन व्यवहारांचा, एलिप्टिक या कंपनीचा डेटासेट २०१९ पासून सर्वांसाठी खुला आहे. २,०३,७६९ व्यवहार, २,३४,३५५ दुवे, त्यातले फक्त ४,५४५ बेकायदा म्हणून नोंदलेले. तो मांडणाऱ्या निबंधात साध्या रँडम फॉरेस्टने (अनेक निर्णय-वृक्षांचे मत घेणारी जुनी पद्धत) ग्राफ नेटवर्कला मागे टाकले होते. त्या डेटाच्या काळातच एक मोठी काळी बाजारपेठ बंद पडली, आणि त्यानंतरच्या व्यवहारांवर सगळ्याच पद्धती कोसळल्या. शिकलेला आकार राहिलाच नव्हता.

त्यातला एक धडा मात्र घेण्यासारखा आहे. शेजाऱ्यांची माहिती (शेजारच्या व्यवहारांच्या आकड्यांतले कमाल, किमान वगैरे) रँडम फॉरेस्टला दिली तर ते आणखी सुधारते. म्हणजे ग्राफचा फायदा साध्या पद्धतीलाही मिळतो.

तेव्हा पायथॉन भाषेतले नेटवर्कएक्स हे ग्राफचे साधन घ्या. द्विभागी ग्राफ बनवा, डिग्रीनुसार वजने द्या, जास्त डिग्रीचे नोड वगळून घटक काढा. मग सर्वात मोठ्या घटकांपैकी काही छापून काढा आणि तपासणी करणाऱ्या सहकाऱ्याशेजारी बसून एकेक दुवा बोटाने दाखवत वाचा. कुठला दुवा वसतिगृहाचा आणि कुठला टोळीचा हे तो तुम्हाला सांगेल. ती वजने आधी नीट लावा. डेटा फार मोठा झाला की नेटवर्कएक्स दमते, तेव्हा वेगळे साधन लागेल, पण पहिल्या प्रयोगाला ते पुरते.

जमाखर्च

आणि त्या सहकाऱ्याने "हा दुवा खोटा" म्हटले की ते कारणासकट लिहून ठेवायची सोय पहिल्या दिवसापासून करा. नाहीतर तोच निर्दोष माणूस पुढच्या महिन्यात पुन्हा यादीत येतो.